सुपरमॅन टकला होता, तेव्हाचा अंक

काल रात्री घरातले सगळे झोपल्यावर जानेवारी १९३३ चा एक अंक मोबाईलवर उघडून बसले. नाव 'सायन्स फिक्शन', त्याचा हा तिसरा अंक, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या ग्लेनव्हिल हायस्कूलच्या दोन पोरांचा. जेरी सीगल लिहायचा, जो शूस्टर चित्रं काढायचा, दोघंही तेव्हा १८ वर्षांचे. छापखाना वगैरे काही नाही, टाईपरायटरवर स्टेन्सिल कापायची आणि मिमिओग्राफवर पानं काढायची, आपण ज्याला सायक्लोस्टाइल म्हणायचो तेच. शाळेत चाचणीचे पेपर ज्यांनी तसे सोडवलेत त्यांना तो शाईचा वास आठवेल आणि ती कुठे दाट कुठे पुसट अक्षरंही.

या अंकात सुपरमॅन आहे. पण लाल केप नाही, उडणं नाही. शहरावर एक प्रचंड टकलं डोकं झुकलंय आणि तो चक्क खलनायक आहे! कथेची सुरुवातच ब्रेडसाठी लागलेल्या रांगेतून होते, मंदीचे दिवस, माना खाली घालून उभी असलेली माणसं. त्यातल्या बिल डन नावाच्या एका भणंगाला एक प्रोफेसर पोटभर जेवण आणि नवे कपडे देतो म्हणून घरी नेतो आणि गुपचूप उल्केतून काढलेलं रसायन पाजतो. मग त्याला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू यायला लागतं आणि तो सगळं जग ताब्यात घ्यायला निघतो. शेवटी रसायनाचा असर उतरतो आणि पठ्ठ्या परत त्याच रांगेत.

आता कोणी म्हणेल कथा कच्ची आहे. आहेच, प्रोफेसर तर नाटकातल्यासारखा बोलतो. पण कच्ची म्हणून बाजूला टाकायची हे मला अजिबात पटत नाही. जेरीचे वडील जून १९३२ मध्ये गेले, त्यांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चोरी झाली त्यातच. त्यानंतर सातच महिन्यांनी हा अंक आला. हे कळल्यापासून ती रांग मला भराभर वाचून पुढे जाता येत नाही.

आणि मुख्य म्हणजे या पोरांना नाही म्हणणारा कोणी संपादक नव्हता, म्हणून त्यांना चुकायला जागा मिळाली. माणसाला अचाट ताकद मिळाली तर तो काय करेल, याचं पहिलं उत्तर त्यांनी दिलं की तो माजेल. मग त्याच प्रश्नाला धरून बसले आणि १९३८ मध्ये उत्तर बदललं, तो दुबळ्यांच्या बाजूने उभा राहील. (त्याचे हक्क १३० डॉलरला गेले, त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.) मासिकाचे अंक निघाले पाचच, पण तिसरा अंक हातात नसता तर हा बदल आपल्याला दिसलाच नसता ना!

कथेवर जेरीने स्वतःचं नाव नाही घातलं, हर्बर्ट एस. फाइन असं टोपणनाव घेतलं. ते वाचताना मला नारळीकर सर आठवले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. तिथे नाव मोठं म्हणून लपवलं, इथे तर नावच अजून झालेलं नव्हतं.

आमच्या कॉलेजात हस्तलिखित अंक निघायचा. त्यात मंगळावरच्या विहिरीची एक कथा होती, निळ्या शाईत, समासात विहिरीचा उभा छेद काढलेला, पायऱ्यासुद्धा मोजून. लिहिणारी माझ्याच बाकावर बसायची. रंगकामाच्या वेळी कपाट रिकामं केलं आणि सगळे अंक रद्दीत गेले, एकच प्रत असायची हो त्यांची! अजून जीव हळहळतो.

कोणाच्या माळ्यावर असे जुने हस्तलिखित नाहीतर सायक्लोस्टाइल अंक असतील तर प्लीज आधी फोटो काढा, पानं सुटी करू नका, चपटी ठेवा. मला पाठवलेत तर मी टाईप करून देते.