इंडोनेशियाचा कमी खर्चाचा सिनेमा कुणासाठी?

इंडोनेशियातल्या स्वतंत्र चित्रपटांविषयी एक विधान वारंवार फिरत असते. १९९८ मध्ये हुकूमशहा सुहार्तो पायउतार झाले, डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि हा सिनेमा जन्मला. तोही परदेशी महोत्सवांसाठी, घरच्या प्रेक्षकाला त्याचे सोयरसुतक नाही.

पहिली गोष्ट तारखेची. 'कुल्देसाक' हा चित्रपट १९९८ च्या अखेरीस पडद्यावर आला, पण मीरा लेस्माना, रिरी रिझा, नान अख्नास आणि रिझाल मंतोवानी यांनी त्याचे चित्रीकरण १९९६ मध्येच सुरू केले होते. त्या काळी आधी सहायक म्हणून उमेदवारी केल्याशिवाय दिग्दर्शक म्हणून मान्यता मिळत नसे. या चौघांनी ती वाट न धरता, परवानगीवाचून काम केले. राजवट गेल्यावर त्यांना धीर आला, असे म्हणणे त्यांच्या धाडसावर अन्याय करणारे आहे.

कॅमेरा स्वस्त झाला, हे खरेच. मात्र खर्च खरा वाचतो तो कथा लिहिताना. एडी चाह्योनो यांचा 'सिती' (२०१४) पाहा: एक दिवस आणि एक रात्र, घर, परांगत्रितिसचा समुद्रकिनारा आणि कराओकेची खोली. नवरा अंथरुणाला खिळलेला, डोक्यावर कर्ज, म्हणून सिती दिवसा किनाऱ्यावर कुरकुरीत पेयेक विकते आणि रात्री कराओकेत राबते. एवढ्याशा ऐवजावर उभ्या राहिलेल्या या कृष्णधवल चित्रपटाला २०१५ मध्ये देशाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा चित्रा पुरस्कार मिळाला.

राहिला प्रेक्षक. दिग्दर्शक एडविन यांच्या २००८ च्या चित्रपटाला परदेशात, रॉटरडॅमच्या महोत्सवात, समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, हे कुणी नाकारत नाही. पण त्याचा विषय चिनी वंशाच्या इंडोनेशियनांचा कोंडमारा, म्हणजे घरचीच जखम, हे का विसरायचे? 'तिलिक' हा लघुपट तर योग्यकर्ताच्या सांस्कृतिक विभागाच्या पैशातून, जावानीज भाषेत झाला. उघड्या ट्रकमध्ये दाटीवाटीने उभ्या गावातल्या बायका आजारी सरपंचबाईला बघायला निघतात आणि त्यांच्यातली बू तेजो वाटभर एका तरुणीच्या चारित्र्याचा कीस पाडते. २०२० मध्ये तो यूट्यूबवर येताच घरोघरी बू तेजोच्याच गप्पा सुरू झाल्या, आणि कोट्यवधी वेळा तो पाहिला गेला. मध्य जावातल्या पुरबलिंगा जिल्ह्यात शाळकरी मुले स्वतः लघुपट करतात, आणि महोत्सवाच्या दिवसांत गावच्या मैदानात पडदा रोवून ते दाखवले जातात. आपल्या जत्रेतल्या तंबू सिनेमासारखेच, फक्त वर तंबू नसतो.