कन्सोल लावला म्हणून वायफाय निम्मं होत नाही

घरच्या वायफायबद्दलचा एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, रील्समध्ये सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच वायफायवर कॉम्प्युटर आणि गेमचा कन्सोल जोडला की स्पीड निम्मा होतो, म्हणून गेम अडखळतो. मग उपायांची यादी. मोठा प्लॅन घ्या. कन्सोलमध्ये डीएनएस ८.८.८.८ आणि एमटीयू १४७३ टाका. विंडोजने स्वतःसाठी अडवून ठेवलेला २० टक्के स्पीड सोडवा. कन्सोल डीएमझेडमध्ये टाका. सगळं ५ गिगाहर्ट्झवर न्या. रोज सकाळी राउटर बंद करून चालू करा. आणि शेवटी हमी, की पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ५ मिलिसेकंदांवर येईल.

मला हा मेसेज नातेवाइकांकडूनच चार वेळा आला. त्यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे आणि काही सरळ चुकीचं आहे. लोक त्यावर विसंबून दरमहा जास्तीचे पैसे भरतात, घरात भावंडांची भांडणं होतात, आणि गेम अडखळायचा तो अडखळतोच. म्हणून एकेक मुद्दा घेते.

सुरुवात ‘निम्मा स्पीड’पासून. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, हे खरं. पण वाटणी होते ती वेळेची. उपकरणं किती जोडली आहेत यावर ती ठरत नाही. कन्सोल नुसता जोडलेला असेल तर तो हवेतला वेळ जवळजवळ खातच नाही. ऑनलाइन गेम चालू असतानाही साधारणपणे १ एमबीपीएसपेक्षा (सेकंदाला १ मेगाबिटपेक्षा) कमीच डेटा जातो-येतो, म्हणजे एका एचडी व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी. मग त्रास कधी होतो? एखादं उपकरण लांबच्या खोलीत, कमजोर सिग्नलवर बसून भरपूर डेटा ओढत असतं तेव्हा. १५० एमबीपीएसच्या दुव्यावर जेवढा डेटा एका क्षणात जातो, तेवढ्यालाच ६ एमबीपीएसच्या दुव्यावर २५ पट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे थांबून राहतात. म्हणजे कन्सोलमुळे कॉम्प्युटर मंद होतो असं नसून, आतल्या खोलीतलं अशक्त सिग्नलवरचं कुठलंही उपकरण सगळ्यांना मागे ओढू शकतं. तो कॉम्प्युटरही असू शकतो. डेस्कटॉपच्या मदरबोर्डला वायफाय असतं, पण त्याचा अँटेना खोक्यातच राहून गेलेला असतो, हे मी तीन घरांत पाहिलंय. कॅबिनेटच्या मागे दोन पितळी आटे दिसत असतील आणि त्यांवर काहीच बसवलेलं नसेल, तर आधी अँटेना शोधा.

आमच्या घरात कन्सोल हॉलमध्ये आणि माझा कॉम्प्युटर आतल्या खोलीत. रोज रात्री नऊच्या सुमाराला धाकटा भाऊ ओरडायचा, “ताई, तू काहीतरी डाउनलोडला लावलंयस!” मी काहीच लावलेलं नसायचं. शेवटी एका रविवारी आम्ही दोघांनी बसून मोजलं, आणि त्या मोजण्यातच अख्ख्या मेसेजचं उत्तर निघालं.

मोजायचं असं. लॅपटॉप कन्सोलच्या शेजारी ठेवा, त्याच वायफायला जोडा आणि कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायच्या) दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला सतत पिंग करा; बऱ्याच घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. विंडोजमध्ये इंग्रजीत पिंग, मग पत्ता आणि त्यानंतर एक जागा सोडून आडवी रेघ आणि इंग्रजी टी लिहिलं की पिंग थांबत नाही. आता गेम अडखळेपर्यंत वाट पाहा. राउटरचाच पिंग २-३ मिलिसेकंदांवरून १०० च्या वर उड्या मारत असेल, तर दुखणं उंबरठ्याच्या आत आहे, म्हणजे वायफायमध्ये. राउटरचा पिंग शांत आणि बाहेरचा तेवढा फुगत असेल, तर दुखणं उंबरठ्याबाहेर, म्हणजे राउटरपासून पुढच्या लाइनमध्ये. हे ठरवल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आमच्याकडे राउटर ३ मिलिसेकंदांवर स्थिर होता आणि बाहेरचा पिंग ६०० च्या पुढे. माझा कॉम्प्युटर रात्री नऊला फोटोंचा क्लाउड बॅकअप सुरू करत होता. डाउनलोड नव्हतंच, अपलोड होतं. आमचा अपलोड तेव्हा १० एमबीपीएस. राउटरच्या रांगेत १ मेगाबाइट डेटा तुंबला तर तो ८ मेगाबिट होतो, आणि १० एमबीपीएसच्या दाराने बाहेर पडायला त्याला ०.८ सेकंद लागतात. भावाने बटण दाबल्याची खबर देणारं डेटाचं इवलंसं पाकीट त्या फोटोंच्या मागे रांगेत उभं राहायचं. स्पीड टेस्ट केली की आकडा झकास यायचा, कारण ती करायच्या आधी आम्ही बाकी सगळं बंद करत होतो.

या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमाराला ते लोकांसमोर आणलं. त्यावरचा इलाजही जुना आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रांग आवरण्याची पद्धत मांडली, आणि तिच्यावर आधारलेली ‘एफक्यू-कोडेल’ आज अनेक राउटरमध्ये मिळते. तुमच्या राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यूओएस’ असं काही असेल तर ते चालू करा आणि वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. म्हणजे रांग सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे गेमच्या छोट्या पाकिटांना पुढे जाऊ देता येतं. अशी सोय नसेल तर उगमाशीच आवर घाला. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, स्टीम या सगळ्यांत वेगमर्यादा लावता येते. विंडोज १० पासून अपडेट दुसऱ्या कॉम्प्युटरना वाटण्याचीही सोय आहे, ती ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये जाऊन बंद करा. आम्ही बॅकअपला २ एमबीपीएसची मर्यादा घातली. त्या दिवसापासून हॉलमधून हाक आलेली नाही.

आता ‘मोठा प्लॅन घ्या’ हा मुद्दा. रांग तीच आणि दार मोठं झालं तर रांग लवकर सरते, त्यामुळे फरक पडू शकतो. वरच्या उदाहरणात अपलोड १०० एमबीपीएस असता तर तेच १ मेगाबाइट ०.०८ सेकंदात गेलं असतं. पण प्लॅनचा मोठा आकडा हा पुष्कळदा फक्त डाउनलोडचा असतो. अपलोड किती ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. समजा कन्सोलला वायफायवर ४० एमबीपीएस मिळतात आणि तुम्ही १०० वरून ३०० च्या प्लॅनवर गेलात. कन्सोलला ४० च मिळणार. एक नवा गेम १०० जीबीचा असला तर तो उतरायला आधीइतकाच वेळ घेणार, म्हणजे साडेपाच तास. पैसे वाढवण्याआधी एकदा राउटरला केबल लावून स्पीड बघा. केबलवर पूर्ण स्पीड येत असेल आणि वायफायवर नसेल, तर प्लॅन निर्दोष आहे.

डीएनएस आणि एमटीयू एकत्रच घेते, कारण ते एकाच दमात सांगितले जातात. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देणं. गूगलचा ८.८.८.८ डिसेंबर २००९ पासून आहे, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ एप्रिल २०१८ पासून. दोन्ही चांगले आहेत. कंपनीचा स्वतःचा डीएनएस वारंवार बंद पडत असेल तर बदलाच. स्टोअर उघडणं, साइन-इन होणं सुधारेल. पण गेम एकदा सर्व्हरला जोडला गेला की डीएनएसला कोणी विचारतही नाही, मग त्याने पिंग कसा कमी होईल?

एमटीयू म्हणजे एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार. इथरनेटवर तो १५०० बाइट असतो, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणी करणारी पद्धत) वापरणाऱ्या लाइनवर १४९२. गेमची पाकिटं बहुतेक या मर्यादेच्या खूप खाली असतात, तेव्हा १५०० चे १४७३ केल्याने त्यांच्यात काहीच बदलत नाही. एमटीयू चुकलेला असला तर वेगळीच लक्षणं दिसतात: काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात. तसं होत नसेल तर तो आकडा ‘ऑटोमॅटिक’वरच राहू द्या.

विंडोजच्या २० टक्क्यांची गोष्ट तर एक्सपीच्या काळापासून, म्हणजे २००१ नंतर लगेचच सुरू झाली. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, ‘राखीव बँडविड्थ’ची एक नोंद आहे आणि तिच्यात २० हा आकडा दिसतो. मायक्रोसॉफ्टने तेव्हाच स्पष्ट केलं होतं, की एखाद्या प्रोग्रामने खास मागणी केली तरच ते राखीव होतं. तशी मागणी नसेल किंवा तो प्रोग्राम ते वापरत नसेल, तर सगळं बाकीच्यांना मोकळं असतं. ती नोंद शून्य करून कोणाचंही काही वाढत नाही. हा मुद्दा यादीतून कायमचा काढून टाका.

डीएमझेडबद्दल मात्र मला खरोखर काळजी वाटते. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारी, कोणी न मागितलेली सगळी वाहतूक घरातल्या एका पत्त्याकडे वळवणं. कन्सोलसाठी तो धोका त्यामानाने लहान आहे. पण घरातले पत्ते राउटर वाटतो, आणि ते बदलतात. कन्सोल आठवडाभर बंद राहिला, त्याचा १९२.१६८.१.५ हा पत्ता कॉम्प्युटरला मिळाला, तर आता तुमचा कॉम्प्युटर इंटरनेटसमोर उघडा उभा आहे, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात त्याच्याशी असा खेळ करू नये. कन्सोलला आधी राउटरमध्ये पत्ता राखून द्या आणि यूपीएनपी, म्हणजे गेमला लागणारे पोर्ट (आत येण्याची दारं) राउटरमध्ये आपोआप उघडणारी सोय, चालू आहे का पाहा. बहुतेक घरांत तेवढं पुरतं. कॉम्प्युटर आणि कन्सोल दोघांवर एकच गेम असला तरी यूपीएनपी दोघांना वेगवेगळे पोर्ट देऊ शकतं.

शिवाय ‘नॅट’चं, म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागून अनेक उपकरणं चालवण्याच्या पद्धतीचं, दुखणं आणि पिंगचं दुखणं वेगळं. प्लेस्टेशनवर नॅट टाइप ३ किंवा एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’ दिसत असेल, तर मित्रांचा आवाज येत नाही, त्यांच्या खोलीत शिरता येत नाही. गेम अडखळणं हे त्याचं लक्षण नव्हे. आणि इथे एक गोष्ट नक्की तपासा: राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) काय दिसतो? तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कशाने सुरू होत असेल, तर तुमच्या राउटरच्या पुढे कंपनीचाही एक नॅट आहे. आशिया-पॅसिफिक विभागातला आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला, म्हणून एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटावा लागतो. अशा लाइनवर घरातल्या डीएमझेडचा काही उपयोग नाही. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा, किंवा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू करून मिळतं का विचारा. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कंपनीच्या डब्याच्या मागे तुम्ही स्वतःचा राउटर लावलाय. दोघांपैकी एकाला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो स्वतः नॅट करणार नाही.

‘सगळं ५ गिगाहर्ट्झवर न्या’ यात तथ्य आहे, फक्त ‘सगळं’ हा शब्द खोडायला हवा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. दाटीच्या इमारतीत वीस घरांचे राउटर तिथे, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथेच. ५ वर जागा मुबलक आहे आणि २०१८ मध्ये आपल्याकडे तो पट्टा आणखी मोकळा झाला. पण २०१३ च्या पहिल्या प्लेस्टेशन ४ मध्ये ५ गिगाहर्ट्झ नाहीच. त्याला ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव दिसत नाही म्हणजे तो बिघडलाय असं समजू नका. शिवाय ५ चा सिग्नल भिंतींत लवकर दमतो. राउटर आणि कन्सोलच्या मध्ये दोन भिंती असतील तर २.४ जास्त स्थिर ठरू शकतो. ५ वर चॅनेल हाताने निवडणार असाल तर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचं घ्या. मधल्या पट्ट्यात रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावं लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर गेला तर किमान एक मिनिट ऐकत थांबावं लागतं.

आणखी एक, जे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. कॉम्प्युटरचा वायफाय डाँगल आणि डिस्क शेजारशेजारच्या पोर्टमध्ये असतील तर डाँगलला वीतभर एक्स्टेन्शन लावून दूर न्या.

रोज राउटर बंद-चालू केल्याने कधीकधी बरं वाटतं, कारण त्या निमित्ताने राउटर नवं, मोकळं चॅनेल निवडतो. मग ते चॅनेल एकदाच हाताने ठरवून टाका.

राहिली ५ पिंगची हमी. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, जाऊन-येऊन ७,८००. म्हणजे कुठेही न थांबता ३९ मिलिसेकंद. समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. तुमचा गेम सिंगापूरच्या सर्व्हरवर चालत असेल तर घरातली कुठलीही सेटिंग हा आकडा ५ वर आणू शकत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये ‘रीजन’ पाहा, मुंबईचा सर्व्हर असेल तर तो निवडा, आणि शक्य असेल तर राउटरपासून कन्सोलपर्यंत कॅट ५ई ची एक केबल भिंतीच्या कडेने ओढून घ्या. १०० मीटरपर्यंत ती १ गिगाबिटचा वेग देते, घरातलं अंतर त्यापुढे काहीच नाही.