मालकीचा डोंगर पेटवण्याचा सल्ला आणि त्यातील चुका

होळीच्या सुमारास पुण्यातील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो. मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या भागांत जमीन असणाऱ्यांना त्यात सांगितलेले असते की, वाळलेले गवत पेटवल्यास राखेचे खत होऊन चारा जोमाने येतो, साप-गोचीड मरतात, वनखातेही गवत जाळतेच आणि सातबारा आपल्या नावाचा असल्याने कोणाला विचारण्याची गरज नाही.

राखेचा मुद्दा सर्वांत पटणारा आहे. राखेत पालाश आणि चुना असतो हे खरे. परंतु गवतातील नत्र व गंधकाचा मोठा भाग जळताना हवेत निघून जातो, आणि उरलेली राख उघड्या उतारावरून जूनच्या पहिल्या जोरदार सरींबरोबर मातीसकट ओढ्यात उतरते. जळालेल्या जागी कोंब लवकर दिसतात, कारण वाळलेले आच्छादन जाऊन जमिनीला ऊन मिळते. त्यावरून चारा वाढला असा निष्कर्ष निघत नाही. उलट वारंवार जळणाऱ्या माळावर आग सोसणारे कुसळी गवत फोफावते, आणि त्याला कुसळे आली की गुरे त्याला तोंड लावत नाहीत.

भाताच्या रोपांसाठी राब भाजणे, म्हणजे रोपे टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळणे, हा निराळा विषय आहे. शहरातील टीकाकार दोन्हींची सरमिसळ करतात. राब लहानशा वाफ्यात भाजला जातो. भर दुपारी, वारा सुटला असताना तो पेटवला आणि ठिणगी शेजारच्या गवतात गेली, तरच त्याचा वणवा होतो.

सापाचे म्हणाल, तर तो बहुधा बिळात शिरतो. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी मात्र जागीच भाजतात.

वनखाते जाळते ते जाळरेषेपुरते, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यापुरते. वणव्यांच्या हंगामापूर्वी त्या पट्ट्यातील गवत कापून, माणसे उभी करून ते पेटवले जाते. पायथ्याला काडी लावून निघून जाणे याच्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही, कारण चढावर ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवतात आणि आग वेगाने माथ्याकडे धावते.

सातबाऱ्याचा आधारही पोकळ आहे. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने नियम मोडून आग लावणे, मग ती स्वतःच्या जमिनीत का असेना, किंवा ती जळत सोडणे हा गुन्हा आहे.

तथापि खरी अडचण काडी लावणाऱ्यापेक्षा अनुपस्थित मालकाची आहे. पूर्वी ज्या डोंगरावर गुरे चरत आणि गवत कापले जाई, तेथे आता तारेचे कुंपण व कुलूपबंद फाटक असते. गवत उभ्याउभ्या वाळते आणि आग लागल्यास गावकऱ्यांना आत शिरता येत नाही. कोणी गवत कापू लागला तर उद्या वहिवाट सांगेल, ही मालकांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही; त्यासाठी एका हंगामापुरते लेखी संमतीपत्र करून नोव्हेंबर-डिसेंबरात गवत गावाला नेऊ द्यावे. उपग्रहावरून मिळणाऱ्या आगीच्या सूचनांवर विसंबणे पुरेसे नाही, कारण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि गवताची आग तेवढ्या अवधीत डोंगर ओलांडते.

आग अडवण्यासाठी गवत कापून काढलेला पट्टा मात्र सगळ्या प्लॉटांवरून सलग हवा. दहा प्लॉटांपैकी मधल्या एकाने तो काढला नाही, तर बाकीच्यांची मजुरी वाया जाते. आणि तो मधला मालक बहुधा कोथरूडला राहतो व त्याचा फोन नंबर गावात कोणाकडेच नसतो.