साडेदहा तासांचं गाव

"अमेरिकेत कुठे होता तुम्ही?" या प्रश्नाला मी "कोलंबस" म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "अच्छा, ओहायो!" नाही हो. ते मोठं. आमचं इंडियानातलं. २००० सालच्या जनगणनेत जेमतेम ३९ हजार वस्ती, म्हणजे आमच्या कोथरूडच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. कोथरूडचं नाव उगाच काढलं नाही. इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी मूळची याच कोलंबसची. १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स पुण्यात सुरू झाली, तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांना हे गाव ठाऊक आहे. कुणाचा भाऊ, कुणाचा जावई, कुणाचा वर्गमित्र सहा महिने तरी तिथे काढून आलेला असतो. माझा नवरा १९९९ च्या जानेवारीत गेला, पाठोपाठ मी. आठ वर्षं राहिलो.

अमेरिका म्हणून माझ्या डोळ्यांसमोर उंच इमारती होत्या. विमानतळावरून निघालो तर दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं आणि बर्फातून डोकं वर काढलेली धसकटं. सुट्टीत मामाकडे नगरच्या रानात पायाला टोचायची, तीच. एवढा व्हिसा, एवढं विमान, आणि शेवटी आले कुठे, तर शिवारात!

गावाची पहिली ओळख झाली ती घड्याळातून. जवळजवळ अख्खी अमेरिका उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करते, पण आमच्या भागात २००६ पर्यंत तसं करत नसत. त्यामुळे पुणे आणि कोलंबस यांच्यात बारा महिने तेरा काळ साडेदहा तास. मी रविवारी सकाळी साडेआठला फोनकार्डावरचे आकडे दाबायचे, तेव्हा आईने सातला देवापुढे दिवा लावलेला असायचा. तो दिवा आणि माझा चहा एकाच वेळी. २००६ च्या एप्रिलमध्ये नवा कायदा लागू झाला, घड्याळं पुढे गेली, मी सवयीने साडेआठला फोन केला. आई म्हणाली, "अगं, अजून दिवेलागण व्हायचीय, आज लवकर कसा?" एका तासाने काय फरक पडतो, असं नवरा म्हणाला. मला मात्र पडला.

डिपेंडंट व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नसे. गाडी येत नव्हती. मग माझी रोजची जागा ठरली, लायब्ररी. लाल विटांची, समोर विटांचंच मोठं अंगण आणि अंगणात हिरवट पितळेसारखं काहीतरी प्रचंड, हाडासारखं, मधून आरपार जाता येईल असं. मुलगा २००० साली झाला. चालायला लागला तसा तो त्या कमानीतून चकरा मारायचा आणि मी पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायचे. एकदा कॅमेरे घेतलेली पंधरा-वीस माणसं आली आणि त्यातल्या एकाने फार अदबीने विचारलं, बाबागाडी जरा बाजूला घ्याल का, फोटोत येतेय. फोटो कशाचा? तेव्हा कळलं की ही लायब्ररी आय. एम. पेई यांनी बांधलेली, १९६९ ची. पॅरिसच्या लूव्रसमोरचा काचेचा पिरॅमिड ज्यांचा, तेच. आणि माझा मुलगा ज्याला रोज बिस्किटाचे हात पुसत होता, ते जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांचं शिल्प होतं.

मग एकेक उलगडत गेलं. लायब्ररीसमोरचं मनोऱ्याचं चर्च १९४२ चं, एलिएल सारिनेन यांचं. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्याजवळची काचेच्या भिंतींची बसकी बँक त्यांच्या मुलाची, इरो सारिनेन यांची. बंबखानासुद्धा रॉबर्ट व्हेंचुरींनी काढून दिलेला! मक्याच्या शेतांमधल्या एवढ्याशा गावात नामांकित आर्किटेक्टांची ही सगळी नावं आली कशी? तर जे. अर्विन मिलर. कमिन्स इंजिन कंपनीचे प्रमुख. त्यांनी १९५० च्या दशकात गावापुढे एक सरळ व्यवहार ठेवला. शाळा बांधायची आहे ना? आम्ही देतो त्या यादीतला चांगला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. बांधकामाचा खर्च गावाचा.

मला यातलं आवडतं ते हे, की पैसा विटांना नाही, डोक्याला दिला. आणि कशासाठी? शाळेसाठी, बंबखान्यासाठी. जिथे माणूस पाहुणा म्हणून जात नाही, रोज जातो. आपल्याकडे देणगी म्हटलं की पंख्याच्या पात्यावरसुद्धा 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. त्या लायब्ररीला नाव आहे क्लिओ रॉजर्स यांचं. त्या कुणी दानशूर बाई नव्हत्या, तिथे अनेक वर्षं काम केलेल्या ग्रंथपाल होत्या. (आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही, १९१० ची किर्लोस्करवाडी आहे, वालचंदनगर आहे. पण माझ्या आयुष्यात मी ज्या सरकारी इमारतींमध्ये रांगा लावल्या, त्यातल्या एकीकडेही कुणी प्रेमाने पाहिलेलं मला आठवत नाही. जिना चढताना पानाच्या पिचकाऱ्या चुकवायच्या, एवढंच आठवतं.) मिलर २००४ च्या ऑगस्टमध्ये गेले. तोवर ते आमच्याच गावात राहत होते आणि मला आठवतं ते एवढंच की त्या दिवशी किराणा दुकानातली काउंटरवरची बाई त्यांच्याबद्दल बोलत होती, घरातलं कुणी गेल्यासारखी.

सगळं गोडच होतं असं म्हणाले तर खोटं होईल. तूरडाळ आणायला ४५ मैलांवर इंडियानापोलिसला जावं लागे. हॉटेलात मी शाकाहारी आहे म्हटलं की बटाट्याच्या काड्या समोर यायच्या. पहिल्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे नवऱ्याखेरीज कुणाशी मराठीत बोलले नाही, आणि एकदा फ्रीजशी भांडताना स्वतःला पकडलं. २००१ च्या सप्टेंबरनंतर काही महिने दुकानात नजरा बदलल्या होत्या. तेही याच गावात झालं, ते मी विसरलेली नाही.

तरीही आठवतं ते गाव उन्हाळ्यातलं. चार जुलैपर्यंत मका गुडघाभर झाला तर पीक चांगलं, असं तिथले लोक म्हणतात. आमच्या वेळी तो तोवर डोक्याच्याही वर असायचा. संध्याकाळी हिरवळीवर काजवे. शनिवारी लोकांच्या गॅरेजांसमोर मांडलेले जुने सामान, चार आण्यांच्या भावात कुकी कापायचे साचे (त्यातलाच एक मी शंकरपाळ्यांना वापरते, अजून). आणि झाहाराकोज! १९०० सालापासूनचं आइस्क्रीमचं दुकान, आत ऑनिक्स दगडाचं सोडा काउंटर आणि आपोआप वाजणारं एक भलंमोठं वाद्य. ते २००६ ला बंद झालं तेव्हा गाव हळहळलं. पुढे दुरुस्त होऊन २००९ ला उघडलं म्हणे, पण तोवर आम्ही परतलो होतो.

आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहायच्या. मागे त्यांचं मक्याचं आणि टोमॅटोचं वाफाभर रान. मुलगा त्यांना आजी म्हणायचा. ते त्यांना आपलं नवं नाव वाटलं, आणि पुढच्या नाताळापासून त्यांच्या कार्डावर खाली सही येऊ लागली, 'आज्जी', स्पेलिंगात एक जे जास्त घालून. घड्याळ पुढे करायला त्यांचा कडाडून विरोध होता. त्यांचं म्हणणं, गाईला घड्याळ कळत नाही. त्यांच्याकडे गाय नव्हती.

२००४ च्या मे महिन्यात सकाळी दार उघडलं तर अंगणातल्या झाडाच्या बुंध्यावर शेकडो तपकिरी टरफलं चिकटलेली. सिकाडा नावाचे किडे. जमिनीखाली १७ वर्षं मुळांचा रस पीत राहतात आणि मग एकदम लाखोंनी वर येतात. लाल डोळे, नारिंगी शिरांचे पंख. दुपारी आवाज इतका की बाहेर उभं राहून बोलता येईना. मी घाबरून खिडक्या लावून बसले. आजी झाडू घेऊन पायरी झाडत होत्या, निवांत. माझ्या मुलाला त्यांनी हाताशी धरून बोटं मोजून दाखवली: १९३६ ला सहा वर्षांची होते, मग ५३, ७०, ८७, आणि हे पाचवं. वयाची चौऱ्याहत्तर वर्षं त्यांनी पाच बोटांत बसवली. मग त्याला म्हणाल्या, "पुढच्या वेळी पायरी तू झाड."

तो २०१८ ला शिकायला परत तिकडेच गेला, इंडियानातल्याच ब्लूमिंग्टनला. आजी त्याआधीच गेल्या होत्या. २०२१ च्या मे महिन्यात त्याने जुन्या गल्लीत जाऊन आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी स्वयंपाकघरात मोबाइल मोठ्याने लावला, डोळे मिटून ऐकत उभी राहिले. बाहेरून सासूबाईंची हाक आली, "अगं, मिक्सर रिकामा का फिरवतेस?"