लाभक्षेत्रातली रात्र

25 मेला नवतपा लागतो. नागपूरकर नऊ दिवस तव्यावर बसतात आणि त्याच सुमारास मला मामांचा फोन येतो. "काय म्हणते डोंबिवली?" एवढंच विचारतात. याचा अर्थ विदर्भ एक्स्प्रेसची तिकिटं काढून झालेली आहेत.

यंदा सहा जण आले. मामा, मामी, मामेभाऊ (आमचा दादा), वहिनी, त्यांची दोन पोरं, आणि अकरा डाग. अकरातला एक डाग नुसता सांबारवडीचा होता. कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या लोकांशी रक्ताचं नातं असल्याचे फायदेही आहेत, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

आमच्या मुलीची शाळा जूनच्या मध्याला उघडते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे त्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी. सरकारी परिपत्रकात ही एका ओळीची बाब असते. दोन खोल्यांच्या घरात नऊ माणसं असली की त्या ओळीची खरी लांबी कळते.

मामी घरात आल्या की आधी दिवे मोजतात. कोणी नसलेल्या खोलीतला दिवा त्या बंद करतातच, पण असलेल्या खोलीतलाही करतात. पहिल्या दोन दिवसांत मी आत असताना बाथरूमचा दिवा तीनदा गेला. "बापरे, होता का तू? मले वाटलं चालूच राह्यला." मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले; धरणाचं पाणी ज्या जमिनीला मिळतं ते ‘लाभक्षेत्र’, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. ते दिव्यांकडे बघत नाहीत, नळांकडे बघतात. गळका नळ दिसला की खाली भांडं लावून, घड्याळ धरून, दिवसाला किती लिटर जातं ते सांगतात. नळ दुरुस्त करत नाहीत. ते काम मेकॅनिकल विभागाचं.

तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "मुंबईच्या बाजूले पाह्यण्यासारखं काही नाई बाप्पा. नुसता घाम." मी गप्प बसायला हवं होतं. बायकोने डोळ्यांनी तसं बजावलंही. पण यजमानाच्या अंगात एकदा का प्रांताभिमान शिरला की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. "मामा, तुम्ही काजवे पाहिलेत? एका झाडावर हजारो? भंडारदऱ्याला?" असं मी विचारून बसलो. आणि त्या क्षणापासून सह्याद्रीतला समग्र निसर्ग माझ्या नावावर चढला.

भंडारदऱ्याला शेंडी गावाच्या पुढे, जलाशयाच्या काठाला टेंट लावून देतात. रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे-चहा. चार माणसांचा टेंट म्हणतात त्यात अडीच मराठी माणसं मावतात, म्हणून तीन टेंट सांगितले. एक आमची गाडी, एक सात आसनी भाड्याची. मामींनी सोबत गादी घेतली. "टेंटमध्ये गादी असते," मी म्हटलं. "असन ना. पण कोणाची?" याला उत्तर नव्हतं.

कसारा घाट चढून इगतपुरीजवळ आलो तेव्हा मामांनी काच खाली केली. "हे इगतपुरी ना? आमची गाडी सकाळी इथूनच गेली होती. थांबली बी होती."

"हो, त्याच मार्गाने येते ती."

"मग आम्ही इथंच उतरलो असतो तर? तू डोंबिवलीले नेलं, घामात ठेवलं, आणि आता परत इथंच आणून राहिला."

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

घोटीला वळून बारी गावापाशी आलो की कळसूबाई दिसते. 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. मी गाडी बाजूला घेतली, ऐटीत बोट दाखवलं, जणू ते मीच चढवून ठेवलंय. मामींनी वर काय आहे विचारलं. देवीचं देऊळ आहे, वाटेत लोखंडी शिड्या आहेत, असं सांगितल्यावर त्यांनी सीटवरूनच हात जोडले आणि म्हणाल्या, "झालं दर्शन. चाल." कळसूबाई इतक्या स्वस्तात कोणी सर केली नसेल.

भंडारदऱ्याला मामांचा कायापालट झाला. धरण दिसताच त्यांनी शर्टाची बटणं लावली. विल्सन डॅम, 1926 सालचं, त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाचं. "दगडी बांधकाम आहे पाय. साठवण किती? अकरा हजार एकोणचाळीस दशलक्ष घनफूट!" हे त्यांना पाठ होतं. मामींचा वाढदिवस त्यांना दरवर्षी दादा सांगतो. दादाची पोरं धबधबा कुठाय म्हणून विचारत होती, कारण मोबाइलवर त्यांनी जो भंडारदरा पाहिला होता तो ऑगस्टमधला होता. मेअखेरीला अंब्रेला फॉल म्हणजे नुसता कोरडा खडक. पोरांनी खडकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माफी मागितली. कशाबद्दल, ते मला माहीत नाही, पण मागितली.

जलाशय बराच उतरला होता आणि टेंट अगदी पाण्याजवळ, भेगाळलेल्या मातीच्या वरच्या अंगाला लावले होते. मामांनी खाली वाकून माती बोटांत चुरली. "हे बुडीत क्षेत्र होय. इथं मुक्काम करता येत नाही."

कॅम्पचा पोरगा म्हणाला, "पाणी इकडं याला अजून दोन महिने हायत, काका."

"पाणी खालूनच येते असं कोणी सांगितलं?" असं म्हणून मामांनी आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला ढगांचा एक काळा गठ्ठा होता. त्यांनी पोराकडून फावडं मागितलं.

पुढचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. सत्तरीतला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आपल्या टेंटभोवती चर खणतोय. साधासुधा चर नव्हे. वरच्या अंगाला घोड्याच्या नालासारखा, वीतभर खोल. उतार बघायला त्यांनी पाण्याची बाटली आडवी धरून तिच्यातला बुडबुडा कुठे सरकतो ते पाहिलं. काढलेली माती आतल्या बाजूला, थापून. आणि डावीकडे एक तोंड, पाणी बाहेर पडायला. "हा सांडवा," मामा घाम पुसत म्हणाले. आजूबाजूच्या टेंटमधली पुण्याची, नाशिकची तरुण मंडळी स्पीकर बंद करून बघायला आली. दोघांनी व्हिडिओ काढला. मी मात्र तोवर संडासाच्या रांगेत गेलो होतो. वीस टेंटना दोन संडास आणि त्यातल्या एकाला कडी नाही, त्यामुळे कडी नसलेल्याच्या दारात आळीपाळीने आपलं माणूस उभं करायचं. माझं माणूस म्हणजे मामी. त्यांनी बाहेरून दिवा बंद केला.

माझ्या गैरहजेरीत आमचा टेंट लागला. मामांच्या टेंटच्या डावीकडे, जरा खाली. हे वाक्य लक्षात ठेवा.

जेवायला पिठलं-भाकरी, ठेचा आणि कोंबडीचा रस्सा. मामांनी रश्श्याकडे पाहून "तर्री कुठाय?" विचारलं. आचाऱ्याने आणखी तेल ओतून आणलं. मामा म्हणाले, "तर्री ओतत नसते बाबू, ती वर येते." माझ्या मते रस्सा फार छान होता. पण माझं मत त्या दिवशी कोणी विचारत नव्हतं, मी आरोपी होतो. मामींना थंडी वाजत होती. नागपुरात पंचेचाळीस अंश सोसून आलेल्या बाईला रात्री बावीस-तेवीस अंशात कानटोपी घालून बसलेली पाहिली आणि मला वाटलं, आता याचाही जाब मला विचारणार. विचारला. "इतकं गार असते हे सांगायचं ना."

नऊ वाजता गावातला एक मुलगा आम्हाला काजवे दाखवायला घेऊन निघाला. गाड्या लांब उभ्या केल्या. बॅटरी लावायची नाही, मोबाइल नाही, फ्लॅश तर नाहीच. मी सर्वांचे मोबाइल बंद आहेत का ते दोनदा तपासलं. शाळेच्या सहलीत मास्तर का ओरडायचे, ते मला त्या अंधारात कळलं. पंधरा मिनिटं चाललो. काही नाही. एक काजवा, तोही कंटाळलेला. दादा म्हणाला, "हाच का?" मला घाम फुटला. आमच्याकडचा निसर्ग पाहुण्यांसमोर असा ऐनवेळी मान टाकतो.

मग वळण आलं आणि पुढे सादड्याचं झाड.

झाड कुठे संपतं ते अंधारात दिसत नव्हतं, उजेडामुळे दिसत होतं. खालच्या फांदीपासून एक लाट निघायची, शेंड्यापर्यंत चढायची, आणि संपूर्ण झाड एकदम विझायचं. काळंभोर. दोन श्वास. पुन्हा खालून सुरू. शेजारचा बेहडा वेगळ्याच तालात होता. पोरं गप्प. मामा गप्प, तेही कल्याण सोडल्यापासून पहिल्यांदाच. मीच सांगायला लागलो, हळू आवाजात, की हे नर आहेत, मादीला खूण करतात, म्हणून आपण उजेड पाडायचा नाही, त्यांची गफलत होते.

"म्हणजे स्थळ पाहून राहिले म्हणा," मामी कुजबुजल्या.

"हो."

"मग आपण कशाले मधात उभे?"

मी म्हटलं, आता थोडा वेळ बघूया. मामी पुन्हा वर बघत राहिल्या. मग न राहवून म्हणाल्या, "पण कोणी बघत नसलं तरी रात्रभर चालूच ठेवतात?" एवढ्यात दादाचा मोबाइल वाजला, पडद्याचा निळा उजेड त्याच्या तोंडावर पडला, आणि मागे उभ्या असलेल्या तीस अनोळखी माणसांनी एका सुरात "बंद करा ओ" म्हटलं. नागपूरहून शेजाऱ्यांचा फोन होता. कूलरचं पाणी संपलं, चावी कुठे ठेवली.

रात्री एकच्या सुमाराला वळीव आला. आधी वारा, मग मोठे थेंब, मग काहीच वेगळं ऐकू येईना. मी पडल्या पडल्या मामांची आठवण काढत होतो, कौतुकाने, की म्हातारा दूरदर्शी. तेवढ्यात पाठीखाली गार लागलं. हात लावला तर मनगटापर्यंत पाणी. मुलीची चप्पल माझ्या कानाजवळून तरंगत गेली. बायकोने बॅटरी लावली तेव्हा आमच्या टेंटच्या दारातून एक व्यवस्थित, बांधीव, स्वच्छ काठांचा प्रवाह आत येत होता.

बाहेर छत्री घेऊन मामा उभे होते. त्यांच्या टेंटमध्ये एक थेंब नव्हता. चराने वरचं सारं पाणी अडवलं, वळवलं, सांडव्यातून डावीकडे काढून दिलं. डावीकडे आम्ही.

"मामा, अहो हे काय!"

त्यांनी बॅटरीचा झोत चराच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत फिरवला, आमच्या टेंटपाशी आणून थांबवला. आवाजात चीड नव्हती, दुःखही नव्हतं. होतं ते समाधान.

"डिझाइन बरोबर आहे. तू लाभक्षेत्रात झोपला होता."

बायको आणि मुलगी मामांच्या कोरड्या टेंटात गेल्या. मामा स्वयंपाकाच्या मांडवात खुर्ची टाकून बसले आणि कॅम्पच्या पोरांना, झोपेतून उठवून, निचरा म्हणजे काय ते समजावू लागले. दादा, वहिनी आणि पोरं या सगळ्यातून झोपली होती. त्यांच्या टेंटला सरकारी कृपेने काहीच झालं नाही. मामी म्हणाल्या, पोरीला आडवं होऊ दे, मी गाडीत बसते. गादी मात्र त्यांनी तिच्याखालीच अंथरून ठेवली होती.

तर पहाटे तीनला मी आणि मामी गाडीत. मी स्टीअरिंगमागे, अंगावर ओला टॉवेल. शेजारी कानटोपी. मधे सांबारवडीचा डबा, ज्यातल्या चार मी पावसाकडे बघत, न बोलता खाल्ल्या. मामींनी पाचवी पुढे केली, तीही खाल्ली. मग त्यांचा डोळा लागला. पाऊस ओसरला. काच बोटभर खाली होती.

किती वेळ गेला माहीत नाही. डॅशबोर्डवर, स्पीडोमीटरच्या जरा वर, काहीतरी हिरवट पेटलं. विझलं. पेटलं. पावसाने झाडावरून उडवलेला असेल, उबेला आत आला होता. मी श्वास रोखून बघत राहिलो. पेटायचा तेव्हा काचेवरचे थेंब हिरवे व्हायचे.

मामींनी एक डोळा उघडला.

"इंडिकेटर चालू राह्यला वाट्टे तुझा," त्या म्हणाल्या. "बंद कर. बॅटरी उतरन."