पणजोबांच्या शाळेचा दाखला आणा

गोरगरिबांच्या पोरांना कॉलेजापर्यंत पोचवायची हौस तुम्हालाही आलीय म्हणता? अभिनंदन. मी 22 वर्षं तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात हेच दुखणं अंगावर काढतोय. परवाच्या गुरुवारी जिल्ह्याच्या गावी एका खिडकीपुढं साडेचार तास उभा राहून आलोय. तेव्हा चार गोष्टी सांगायचा हक्क मला आहे असं धरून चला.

पहिली गोष्ट, शिकवायचं सोडा. तेवढा वेळ उरत नाही. झेरॉक्सचं यंत्र घ्या, स्कॅनर घ्या, आणि स्कॅन केलेला दाखला फॉर्मात बसेल एवढा बारीक करायला शिका. नाहीतर तो बसत नाही, आणि बसला तर अक्षर दिसत नाही म्हणून अर्ज परत येतो. बी.एड.ला शिकलेलं बालमानसशास्त्र विसरलात तरी चालेल.

मग मेळावा घ्या. निकाल लागला की आठवड्याच्या आत. फ्लेक्सवर जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज, बाबासाहेब, कर्मवीर अण्णा असे ओळीनं लावा आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठा फोटो संस्थाध्यक्षांचा. पाहुणे सांगतील की अण्णांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. टाळ्या वाजतील. आज त्या मोडायला गेल्या असत्या तर सोनारानं आधी आधार कार्ड मागितलं असतं, पण असलं काही आभार मानताना बोलायचं नसतं. शेवटी पाहुणे म्हणतील, ग्रामीण मुलांमध्ये न्यूनगंड फार. मान हलवा.

फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नका, सर्व्हर बंद असतो. पहिल्या दिवशीही भरू नका. 2025 ला अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि पहिल्याच दिवशी साइट बसली. आमच्या तांड्यावरची पोरं पुण्या-मुंबईच्या पोरांच्या अगदी बरोबरीला आली, ती त्या एका दिवसापुरती.

पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवू नका.

जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, शासनानंच माफ केलाय. हे खिडकीवर मोठ्यानं बोलू नका. 500 चा बाँड मुकाट्यानं आणा. तुमचं बरोबर आहे म्हणून फाईल कधी पुढं सरकलेली नाही.

आता राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचं. पोरगी तांड्यावरची, विमुक्त जातीतली. सीईटी दिली, बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला. आईबाप ऊसतोडीचे. जात पडताळणीला तिनं पुरावा द्यायचा तो 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. म्हणजे तिच्या बापाच्याही जन्माआधीचा. तर असं करा, पोरीला घेऊन जा आणि खिडकीवर नम्रपणे विचारा, काय काय जोडू? उत्तर मिळेल, "पणजोबांच्या शाळेचा दाखला आणा."

"ते शाळेत गेलेच नाहीत."

"मग महसुली पुरावा आणा. सातबारा, खासरा, काहीही."

"जमीन नव्हती."

"मग अशिक्षित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा."

"कुणाचं? पणजोबांचं?"

इथं हसू नका. मी हसलो. त्याबद्दल मला आणखी एक तास उभं राहायची शिक्षा झाली. तासाभरानं कळलं की प्रतिज्ञापत्र बापानं करायचं, वंशावळीवर सहीही त्याचीच लागते. आणि आईचं नाव एका कागदावर सुनीता, दुसऱ्यावर सुनिता आहे, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. पहिली वेलांटी की दुसरी, हे त्या माउलीला कुणी कधी विचारलेलं नाही. ते ठरवलं शाळेतल्या कारकुनानं, आणि त्याचा भुर्दंड पोरीला.

बाप कुठं आहे? नर्सिंगचे प्रवेश रेंगाळत रेंगाळत दिवाळीपार जातात. दिवाळी झाली की तांडा रिकामा होतो. बाप तीनशे किलोमीटरवर फडात आहे. उचल घेतलेली आहे. एक दिवस कोयता बंद ठेवला तर मुकादम खाडा लावतो. आधारशी जोडलेला मोबाईल त्याच्याच खिशात, आणि फोन चार्ज होतो तो गावातल्या टपरीवर, रात्री. ओटीपीची मुदत दहा मिनिटं. तेव्हा ओटीपीआधी ट्रॅक्टरवाल्याला फोन करा, तो टोळीच्या माणसाला सांगेल, तो बापाला शोधेल, बाप उसातून बाहेर येईल, हात पुसेल, चष्मा नसल्यानं आकडे दुसऱ्याकडून वाचून घेईल... आणि तोवर इकडं जेवणाची सुट्टी झालेली असेल.

हे सगळं झालं नाही तर? वैधता मुदतीत आली नाही तर पोरगी खुल्या प्रवर्गात जाते. तिथं तिची जागा टिकत नाही, टिकली तर फी झेपत नाही. मग ती घरी. पुढच्या हंगामात तिच्याही हातात कोयता. आणि पुढच्या मेळाव्यात पाहुणे 'गळती' या विषयावर बोलणार. गळती म्हणे! मडकं गळतं. ही पोरगी काय आपोआप गळाली? पहाटे पाचच्या एसटीनं, डबा घेऊन, फाईल छातीशी धरून ती तीन वेळा त्या खिडकीपर्यंत आली होती. तिन्ही वेळा परत पाठवली. आधी म्हणे साहेब मिटिंगला, मग लिंक नाही, मग वेलांटी.

आता उपरोध पुरे. खिडकीमागच्या साहेब, सरळ सांगतो. जे लागतं त्याची यादी एकदाच द्या. लेखी द्या. पहिल्या फेरीत चार कागद सांगायचे आणि दुसऱ्या फेरीत पाचवा काढायचा, हा तुमचा खेळ असेल, तिचं वर्ष आहे. ज्यांच्या बापजाद्यांना कुणी शाळेत घेतलं नाही त्यांच्याकडं शाळेचा दाखला मागताना जरा चाचरत तरी जा. आणि कॉलेजवाल्या सर-मॅडम, तुम्ही पण. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून पोरांची मार्कशीट अडवून ठेवता, लाज वाटू द्या. हप्ता शासनाकडं अडकलाय, त्या पोरानं खिशात घातलेला नाही.

तिचा बाप रात्रीच्या गाडीनं निघालाय, दोन दिवसांचा खाडा सोसून. सोमवारी आम्ही तिघं येतोय. साहेब मिटिंगला गेलेत असं या वेळी सांगू नका.