विजयानंद? लॉन्स का, काका?

पोस्ट लांब होणार आहे. ज्याला घाई आहे त्याने पुढं सरकावं, राग नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

आज सकाळी भाचीला घेऊन कॉलेज रोडवरून रिक्षा केली. म्हटलं, "विजयानंदला सोड." म्हणजे जुन्या नाशकातलं ते जुनं नाट्यगृह. पोरगा विशीतला असेल. आरशातून बघत म्हणाला, "विजयानंद? लॉन्स का, काका?"

लॉन्स! माझ्या नाशकात आता नावाच्या शेवटी 'आनंद' आला की लोकांना लग्नाचं जेवणच आठवतं.

कालचा दिवस डोक्यात होता म्हणून जास्त लागलं. भाची गिरगावात राहते, तिच्या व्हायोलिनच्या क्लासचा कार्यक्रम रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये होता. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला गेलो, संध्याकाळच्या पंचवटीने तिला चार दिवसांसाठी घेऊन आलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या इमारतीच्या आत गेलो, खोटं कशाला सांगू. बाहेरून शंभर वेळा पाहिली असेल, तीही बंद असताना.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी मान वर करूनच बसलो होतो. घुमटाचे आठ भाग केलेत, कवी, कादंबरीकार, नाटककार यांच्या मानासाठी. सॅसून कुटुंबाने दिलेली झुंबरं. सोनेरी नक्षी इतकी की आपल्याकडच्या माणसाला आधी वाटतं, जरा अतीच आहे. मग दिवे मंद झाले आणि वाटलं, नाही, बरोबर आहे. मी वरच्या बाल्कनीत होतो. खाली एका पोराने व्हायोलिनचा सूर चुकवला, तो माझ्यापर्यंत स्पष्ट आला. चुकलेला सूर इतका नीट ऐकू येतो म्हणजे बघा काय बांधलंय.

आणि बांधलं कुणी? सरकारने नाही. मॉरिस बँडमन नावाचा कलकत्त्याहून नाटकं करत फिरणारा माणूस आणि जहांगीर फ्रामजी कराका नावाचे पारशी गृहस्थ, कोळशाच्या दलालीतले. १९०८ साली यांच्या डोक्यात आलं, १९११ मध्ये काम पुरं व्हायच्या आतच पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन उरकलं. कोळशाच्या पैशातून ऑपेरा! आपल्याकडं कोळशाच्या पैशातून काय होतं ते बोलायला नको.

आता १९०८ आणि १९११ यांच्या मध्ये काय येतं? नाशिककराला सांगावं लागू नये. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृह. कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'शारदा'चा प्रयोग, आणि त्याच्यावर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे. म्हणजे तिकडं गिरगावात साहेबासाठी थिएटरच्या भिंती चढत होत्या तेव्हा इकडं जुन्या नाशकात, नाटकाच्याच थिएटरात, साहेबावर गोळ्या झाडल्या गेल्या.

मला विजयानंद दाखवलं अण्णांनी. मी दुसरी-तिसरीत असेन. तोवर तिथं सिनेमे लागायचे. पिक्चर कुठला ते साफ विसरलो. मध्यंतरात अण्णांनी खारे दाणे घेतले, आणि जागेवर येऊन त्या कागदी पुड्यानेच समोर बोट दाखवल्यासारखं करून म्हणाले, "तिथं बसला होता कान्हेरे. दुसऱ्या रांगेत." मी उरलेला अख्खा पिक्चर दुसऱ्या रांगेकडं बघत काढला. तिथं एक जाड बाई झोपली होती.

हे मी रिक्षात सांगायला लागलो. भाचीला सांगत होतो, पण रिक्षावाल्याचेही कान इकडंच. मध्येच म्हणाला, "मग तेव्हा पिक्चर कुठला चालू होता?" म्हटलं, अरे पिक्चर नाही, नाटक होतं नाटक. "अच्छा, मग तो सुटला का?" नाही सुटला. १९ एप्रिल १९१०, ठाण्याच्या तुरुंगात फाशी. त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांनाही, त्याच दिवशी. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. पोरगा पुढं काही बोलला नाही, दोन सिग्नल गप्प चालवत होता. तेव्हा माझा राग जरा उतरला. याला कुणी सांगितलंच नाही, त्याचा काय दोष?

दोष आपला. आपण कान्हेऱ्यांच्या नावाने मैदान केलं आणि त्याला अजून गोल्फ क्लब म्हणतो. मी पण म्हणतो. काल रात्रीच फोनवर म्हणालो, "गोल्फ क्लबपाशी भेट." गोळ्यांची गोष्ट आपल्याला तोंडपाठ, पण ज्या छताखाली ती घडली ते छत आपल्या गोष्टीतच नाही. जणू काही सगळं हवेत घडलं.

मुंबईकरांना आपण नावं ठेवतो, पण ऐका. ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं, उघडलं २०१६ ला. तेवीस वर्षं दाराला कुलूप. तरी त्या तेवीस वर्षांत बसचा कंडक्टर "ऑपेरा हाऊस" असंच ओरडायचा. हिरेबाजारातल्या लोकांचा पत्ता ऑपेरा हाऊस. इमारत मेलेली, नाव जिवंत. म्हणून तर कुणाला ती परत उघडावीशी वाटली. नाशकात काय? लॉन्स का, काका!

हो, माहितीये, आता कमेंटमध्ये येणार, की बाबा, ऑपेरा हाऊस १९५२ पासून गोंडलच्या महाराजांकडं आहे, राजघराणं आहे, त्यांना परवडतं. बरोबर आहे. ज्याच्या मालकीची जुनी वास्तू असते त्याला भावनेवर वीजबिल भरता येत नाही. मान्य. आणि ते ऑपेरा हाऊसही मधली कितीतरी वर्षं सिनेमावरच जगलं, हेही मान्य. पण मग त्याच सिनेमाचा बाप कुठला? फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, गेले नाशकात. आणि शिरवाडकर, कानेटकर कुणाच्या गावचे? एवढी माणसं दिलेल्या गावाला एक जुनं नाट्यगृह नावाने ओळखता येऊ नये?

नाशकात कालिदास, सायखेडकर ही नाट्यगृहं आहेत, मला माहितीये. तिथंच नाटकं बघत मोठा झालो. तो मुद्दा नाही.

अण्णांशी एकदा मी या विजयानंदवरून भांडलोय. कॉलेजात होतो, नवीन नवीन पुस्तकं वाचत होतो. घरी पाहुणे आले होते आणि अण्णा नेहमीप्रमाणे सांगत होते, या वेळी पाचव्या रांगेवर आले होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अण्णा, मागं तुम्ही दुसरी म्हणाला होता. आणि रांगेचं काय घेऊन बसलात, जॅक्सन आत येत होता, तेव्हाच झाडल्या गोळ्या." अण्णा एकदम गप्प झाले. पाहुण्यांना चहा विचारून आत निघून गेले. पुन्हा कधी माझ्यासमोर ती गोष्ट सांगितली नाही. माझं म्हणणं बरोबर होतं. तरी आज इतक्या वर्षांनी ते टाइप करताना चांगलं वाटत नाहीये.

त्यांचे वडील त्यांना तिथं नाटकाला न्यायचे म्हणे. त्यांनीही रांग दाखवली असणार. कुठली, देव जाणे.

तर, पोचलो का आम्ही? नाही. हसा. दहीपुलाच्या अलीकडं रिक्षा जी अडकली ती अडकलीच, पुढं हातगाड्या, मागं टेम्पो. भाचीला भूक लागली, ऊन वाढलं, आणि मीच म्हणालो, जाऊ दे, उद्या येऊ. अर्धं पान शहराच्या नावाने बोटं मोडणारा मी, आत पाऊल टाकून मला किती वर्षं झाली ते विचारू नका.

उतरून आम्ही कोपऱ्यावर कचोरी खाल्ली. भाची म्हणाली, "मामा, पण तो नक्की कुठं बसला होता?"

मला म्हणायचं होतं, नक्की कुणालाच माहीत नाही गं. पण हात आपोआप वर गेला, कचोरीसकट.

"दुसऱ्या रांगेत," म्हटलं.